उभ्या उभ्या

रबाळ्याच्या एमआयडीसीत मागच्या गल्लीत आमचा गाळा.
एका बाजूला पापडाचा कारखाना,
दुसऱ्या बाजूला कुणीतरी रात्रंदिवस रबर शिजवतं.
शटरवरची पाटी उन्हानं इतकी विटली आहे
की ‘बेअरिंग्ज आणि स्पेअर्स’मधलं
आता फक्त ‘आणि’ नीट वाचता येतं.

मंगळवारी टेम्पोतून खोका उतरला.
गोदीतल्या एका जहाजाच्या विंचचं जुनं बेअरिंग,
परातीएवढं, दोघांनी धरून उचलायचं.
सोबत पत्र: असेच पुरवावे. नग एक.
तपासणीचा दाखला जोडावा. विलंब झाल्यास दंड.
जहाज कसलं, तर
समुद्रात बुडालेलं वर काढणारं.

मी रॉकेलनं ग्रीस धुतलं. काळं, खारट वासाचं.
मनात म्हटलं, केवढं ओढलं असेल यानं,
केवढी गलबतं, केवढा चिखल.
मढवीमामांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि आतल्या कड्यावरून नख फिरवलं.
खाचा होत्या. रोलरएवढ्याच रुंद,
सारख्या अंतरावर,
फणीच्या दातांसारख्या.
“यो फिरला नाय गो, वैजू.
फिरून असा नाय व्हत.
उभा राहून राहून मेलाय यो.”

म्हणजे असं, की जहाज धक्क्याला बांधलेलं.
शेजारच्या खोलीत जनरेटरची थरथर,
खाली पाण्याचं हलकं हलकं डोलणं,
आणि सगळा भार वर्षानुवर्षं त्याच जागी.
ग्रीस हळूच बाजूला सरतं.
लोखंड लोखंडाला केसाएवढं घासतं,
पुन्हा घासतं.
तेवढ्या वर्षांत काही बुडालं नाही,
चांगलंच झालं की.
त्या चांगल्याचा हा हिशेब माझ्या टेबलावर.

मामांचे वडील गोठिवलीचे.
भातखाचर गेलं, मिठागर गेलं,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
सिडकोच्या जिन्यात उभे राहायचे,
कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत.
हे मामांनी त्या दिवशी सांगितलं नाही.
हे मला आधीपासून माहीत होतं.

नागदेवीहून पहिला माल आला तो स्वस्त होता.
खोका बरोबर, पिवळा कागद बरोबर,
नंबरातल्या आठाचं पोट मात्र जरा जास्तच गोल.
मामांनी हातानं गरगर फिरवून
स्क्रूड्रायव्हरचं टोक कड्याला लावलं, मूठ कानाला.
मग तो मला दिला.
आत कुणीतरी तांदूळ निवडत होतं.
नरोत्तमभाईंनी कॅल्क्युलेटर काढला, दंड मोजला,
पुन्हा मोजला,
चहा सांगितला, तो प्यायलेही नाहीत.
“परत पाठवा,” म्हणाले. “खाली माणसं असतात.”

खरा माल सतरा दिवस उशिरा आला.
मी हातमोजे घातले. घामाचं बोट लागलं
तर महिन्याभरात तिथे बोटाचाच गंज उमटतो,
रेषांसकट.
फट मोजली, आकडे लिहिले, सही केली,
तेलकागदात गुंडाळलं, तान्ह्याला गुंडाळतात तसं घट्ट.
दाखल्याच्या मागे एक चिठ्ठी टाचली:
महिन्यातून एकदा हातानं फिरवावे.
काम नसले तरी.
नरोत्तमभाई म्हणाले, हे टेंडरमध्ये नाही.
काढून मात्र टाकली नाही त्यांनी.

जुनं बेअरिंग कुणी परत मागितलं नाही.
आता ते लेथच्या पायाशी आडवं पडून असतं.
दुपारी स्टुलावर बसून डबा खाताना
मामा चपलेच्या टोकानं ते फिरवतात.
एक खाच, कट्ट.
मग सुकटीची चटणी, भाकरीचा तुकडा.
कट्ट.